एपकॉटच्या जुन्या फेऱ्यांचे काय करावे?

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात ऑरलँडो शहराजवळ डिस्ने कंपनीची जी विस्तीर्ण करमणूकनगरी आहे, तिच्यात एपकॉट नावाचे एक उद्यान आहे. ते 1 ऑक्टोबर 1982 रोजी लोकांसाठी खुले झाले. उद्यान म्हटले की हिरवळ, कारंजे आणि बाकडी आपल्या डोळ्यांपुढे येतात. हे उद्यान तसले नव्हे. येथे तिकीट काढावयाचे, यंत्राने चालणाऱ्या गाडीत बसावयाचे आणि काळोख्या मार्गाने सरकत सरकत दोन्ही अंगांना मांडलेले देखावे पाहावयाचे. अशा फेऱ्यांत, म्हणजे ज्यांना राइड म्हणतात त्यांत, एरवी भुताचा वाडा असतो, समुद्रावरचे चाचे असतात, पऱ्यांची गोष्ट असते. एपकॉटने ठरविले की आपण लोकांना गाडीत बसवून दळणवळणाचा इतिहास दाखवू, ऊर्जेची कहाणी सांगू, शेती दाखवू, चाकापासून मोटारीपर्यंतची वाटचाल दाखवू. जत्रेतल्या पाळण्यात बसून भूगोल शिकावा, तसलाच हा प्रकार. आणि लोक आले. रांगा लावून आले.

त्या गोष्टीला आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या फेऱ्यांपैकी बहुतेक मोडल्या, काहींचा कायापालट झाला, थोड्या टिकल्या. उरलेल्या ठेवाव्यात, की त्या काढून त्यांच्या जागी वेगवान, काळजाचा ठोका चुकविणाऱ्या, चित्रपटांतल्या नायकांच्या फेऱ्या बसवाव्यात, यावर त्या उद्यानाच्या चाहत्यांत वर्षानुवर्षे वाद होत आला आहे. कोणी म्हणेल, हा वाद तिकडच्या लोकांनी खुशाल घालावा, आपल्याला त्याचे काय? पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. सुटीच्या वेळी, कोणी हजेरी घेत नसताना, मोठी माणसे स्वतःच्या खुशीने काही शिकावयास येतील काय? न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा येतील असे धरूनच ती सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घर सोडून व्याख्यानाला येऊन बसणारा प्रत्येक श्रोता तेच उत्तर स्वतःपुरते देत असतो. म्हणून हा परदेशी विषय आम्ही येथे घेतला आहे.

एपकॉट हे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे बनलेले आहे. त्याचा अर्थ, उद्याच्या वसाहतीचा प्रायोगिक नमुना. वॉल्ट डिस्ने यांच्या मनात मुळात उद्यान नव्हतेच. वीस हजार वस्तीचे खरेखुरे शहर त्यांना वसवावयाचे होते. मध्यभागी छताखालची बाजारपेठ, तिच्याभोवती वर्तुळावर वर्तुळ अशी वस्ती, मोटारींची वर्दळ जमिनीखालून, असा तो आराखडा. 1966 च्या ऑक्टोबरात त्यांनी ही योजना चित्रपटाच्या कॅमेऱ्यापुढे समजावून सांगितली आणि डिसेंबरात ते वारले. त्यांच्यामागे कंपनीने शहराचा नाद सोडला. नाव तेवढे ठेवले आणि त्या नावाखाली एक कायमचे जागतिक प्रदर्शन उभे केले. अर्ध्या भागात निरनिराळ्या देशांची दालने आणि अर्ध्या भागात विज्ञान व उद्योग यांची.

प्रदर्शनाचा हा धडा कंपनीने न्यूयॉर्कच्या 1964-65 च्या जागतिक प्रदर्शनात गिरविला होता. तेथे जनरल इलेक्ट्रिक, फोर्ड अशा बड्या कंपन्यांनी पैसा पुरविला आणि डिस्नेच्या कारागिरांनी बोलते-हलते यंत्रपुतळे उभे केले. खर्च एकाचा, कसब दुसऱ्याचे. एपकॉटची विज्ञानदालने याच रीतीने उभी राहिली. ऊर्जेचे दालन एक्सॉन या तेलकंपनीचे, वाहतुकीचे जनरल मोटर्सचे, कल्पनाशक्तीचे कोडॅकचे, दळणवळणाचे बेल टेलिफोनचे. ही व्यवस्था ध्यानात ठेवली नाही तर पुढे घडलेले काहीच उलगडणार नाही. प्रायोजक असेपर्यंत दालनाला रंगसफेदी मिळते, यंत्रांची डागडुजी होते. करार संपला, दुसरा मिळाला नाही, की त्या दालनावर अवकळा येते. मंदिराचे इनाम गेल्यावर जे होते तेच.

पण केवळ पैशाअभावी या फेऱ्या म्हाताऱ्या झाल्या असे म्हणणे पुरेसे नाही. त्यांच्या म्हातारपणाचे बीज त्यांच्या पोटातच होते. न्यूयॉर्कच्या त्याच प्रदर्शनासाठी केलेले ‘कॅरूसेल ऑफ प्रोग्रेस’ नावाचे फिरते नाट्यगृह घ्या. यात एक अमेरिकन कुटुंब विसाव्या शतकाच्या आरंभापासून टप्प्याटप्प्याने कसे सुधारत गेले ते दाखविले आहे. रंगमंच स्थिर असतो आणि प्रेक्षकच गोल फिरतात. ते 1967 साली कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये गेले आणि 1975 पासून फ्लॉरिडात, एपकॉटच्या शेजारच्या उद्यानात, आले. त्यातले जुने प्रवेश, तो हातपंप, तो बर्फाचा डबा, ते पहिले विजेचे दिवे, अजून तसेच गोड वाटतात. हास्यास्पद झाला तो शेवटचा प्रवेश, म्हणजे ‘आज आणि उद्या’चा. 1993-94 च्या सुमारास तो नव्याने रचला. त्यातली नवलाई म्हणजे लेझर डिस्क आणि मोटारीतला टेलिफोन! दहा-बारा वर्षांत या वस्तू अडगळीत गेल्या. 1900 सालचे घर जुने झाले नाही. उद्याचे घर मात्र झाले.

आम्हांला येथे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधील तारांगणाची आठवण होते. ते 1954 साली सुरू झाले. पोकळ गोलाला पाडलेल्या छिद्रांतून प्रकाश घुमटावर पडतो आणि आकाश तयार होते, इतकी त्याची साधी रचना. पुढे किती तरी मोठी आणि संगणकावर चालणारी तारांगणे झाली. तरी छिद्रांतून पडलेला सप्तर्षी चुकीचा ठरला नाही. यंत्र जुने होणे आणि सांगितलेली गोष्ट खोटी पडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एपकॉटच्या वादात नेमकी त्यांचीच गल्लत होते.

याचे सर्वांत चटका लावणारे उदाहरण ‘होरायझन्स’ या फेरीचे. ही 1 ऑक्टोबर 1983 रोजी सुरू झाली. विषय भविष्यकाळ, म्हणजे लवकर नासणारा माल. पण ज्यांनी ती रचली ते शहाणे होते. त्यांनी आरंभीच ज्यूल व्हर्नपासून पुढे लोकांनी भविष्याची कशी कशी चित्रे रंगविली तीच मांडली, आणि मग आपले चित्र दाखविले. वाळवंटातली शेती होती, तेथे संत्र्यांचा वास सोडलेला असे. समुद्रतळावरची वसाहत होती. अंतराळातले घर होते. शेवटी गाडीतल्या लोकांनी बटण दाबून कौल द्यावयाचा, की परत कोणत्या वाटेने जावयाचे. अंतराळातून, वाळवंटातून, की समुद्रातून? 1983 साली ही मोठीच गंमत होती. आमची भविष्याची कल्पनाही एके दिवशी जुन्या कल्पनांच्या रांगेत जाऊन बसेल, हे ती फेरी स्वतःच सुचवीत होती. असे प्रामाणिक भविष्यकथन विरळा. जनरल इलेक्ट्रिकचा आधार 1993 मध्ये सुटला. 9 जानेवारी 1999 रोजी फेरी कायमची बंद झाली. नंतर इमारतही पाडली.

तिच्या जागी 2003 साली ‘मिशन स्पेस’ आले. ही अग्निबाणाच्या उड्डाणाची फेरी. बसणाऱ्यांना मोठ्या चक्रावर गरगर फिरवून स्वतःच्या वजनाच्या सुमारे अडीचपट दाब अंगावर आणतात. नव्याला नावे ठेवण्याची आम्हांला हौस नाही, म्हणून प्रांजळपणे सांगतो की हेही एक शिक्षणच आहे. त्वरण म्हणजे काय हे पुस्तकात दहा वेळा वाचूनही जे कळत नाही, ते छातीवर भार पडला की क्षणात कळते. पण हे शिक्षण सर्वांना झेपत नाही. 2006 साली न फिरविणारा सौम्य प्रकार वेगळा काढावा लागला. मूळ प्रकाराला मुलाची उंची 44 इंच लागते, सौम्याला 40. होरायझन्समध्ये आजोबा आणि मांडीवरचे नातवंड एकाच बाकावर बसत. आता आजोबा बाहेर पिशव्या सांभाळीत बसतात आणि धाकटे नातवंड त्यांच्याजवळ रडत असते. वादात हा मुद्दा फारसा कोणी काढीत नाही. आम्हांला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संथ फेरी म्हणजे कंटाळवाणी फेरी, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की संथपणा हीच तिची दारे सर्वांना उघडी ठेवणारी गोष्ट होती. या फेऱ्यांच्या गाड्या साखळीसारख्या एकीला एक जोडलेल्या असतात आणि सहसा थांबत नाहीत. माणसे सरकत्या फळीवरून चालता चालता आत बसतात. त्यामुळे तासाला दोन हजारांहून अधिक लोक सहज जाऊन येतात. गर्दी रिचविण्याची ही शक्ती पुष्कळशा वेगवान फेऱ्यांना नाही.

ही जोडगाड्यांची युक्ती डिस्नेने 1967 साली प्रथम वापरली ती, गंमत अशी, एका शिकविणाऱ्या फेरीसाठीच. कॅलिफोर्नियातली ती फेरी माणसाला ‘लहान लहान’ करीत अणूच्या अंतरंगात नेई. ती 1985 साली काढली आणि तेथे अंतराळयुद्धाच्या चित्रपटावरची फेरी आली. म्हणजे एपकॉटमध्ये पुढे जे झाले त्याची रंगीत तालीम तिकडे आधीच झाली होती.

सगळ्याच जुन्या फेऱ्यांसाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. ऊर्जेच्या दालनाची गोष्ट पाहा. त्याच्या छतावर सुमारे 80,000 सौरघट बसविलेले होते आणि प्रेक्षकांची बाके सावकाश सरकत यंत्रांच्या डायनोसॉरांमधून जात. 1982 साली हा अपूर्व प्रकार होता. परंतु ऊर्जेचा पाठ तेलकंपनीच्या खर्चाने द्यावयाचा, म्हणजे दारूबंदीचे व्याख्यान कलालाने ठेवण्यासारखे. कितीही सद्भावना धरली तरी ऐकणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकणारच. 1996 मध्ये एका विनोदी अभिनेत्रीला मध्यवर्ती घेऊन त्याचे नवे रूप केले. ते रूप 2017 च्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे दोन दशके, चालले. या दोन दशकांत हवामानाविषयी आणि सौरऊर्जेविषयी जगाचे ज्ञान कोठल्या कोठे गेले. पाठ मात्र तोच. जो शिक्षक वीस वर्षे वही बदलीत नाही, त्याला निवृत्त करणे अन्याय नव्हे. अन्याय झाला तो त्याच्या जागी शिक्षकच न नेमण्याचा. 27 मे 2022 रोजी तेथे ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या चित्रपटमालिकेवरचा रोलर कोस्टर सुरू झाला. तो उत्तम बांधलेला आहे, लोकांना मनापासून आवडतो, त्याला उंचीची अट 42 इंचांची आहे. आणि आज ज्या विषयावर सामान्य माणसाला सर्वांत अधिक समजून घ्यावयास हवे, त्या ऊर्जेच्या विषयाची मोठी फेरी एपकॉटमधून गेली.

नव्याचा हट्ट कसा अंगाशी येतो हे कल्पनाशक्तीच्या दालनात दिसले. तेथे 1983 पासून ‘स्वप्नशोधक’ नावाचा एक दाढीवाला गृहस्थ आणि ‘फिगमेंट’ नावाचा जांभळा छोटा ड्रॅगन कल्पना कशा गोळा कराव्यात हे सांगत. 1998 मध्ये ही फेरी बंद करून वर्षाने नवी उघडली; तिच्यात स्वप्नशोधक नव्हता आणि ड्रॅगन नावापुरता होता. लोक इतके रागावले की 2001 मध्ये तीही बंद करून 2002 साली ड्रॅगनला परत आणावे लागले. मूळची फेरी मात्र परत आली नाही. एकदा मोडलेला वाडा पुन्हा बांधला तरी त्या तुळया त्या नसतात.

बदलाच्या बाजूने मांडला जाणारा एक युक्तिवाद मात्र वजनदार आहे. 1982 साली माहिती दुर्मिळ होती, ती पाहावयास फ्लॉरिडात जाण्यात अर्थ होता. आता सगळे ज्ञान प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, मग पुतळे पाहावयास कोण थांबेल? आम्ही उलट विचारतो, एपकॉट केवळ माहिती देत होते काय? माहितीसाठी 1982 सालीही ज्ञानकोश होतेच. फेरी देत होती ती रचना: आधी काय, मग काय, आणि त्यात आपण कोठे. शिवाय ती सर्वांनी एकत्र पाहिलेली असे, आणि रात्री जेवताना तिच्यावर बोलता येई.

‘लिव्हिंग विथ द लँड’ ही शेतीची फेरी याची साक्ष देते. पहिल्या दिवसापासून ती चालत आली. मधे नाव बदलले, प्रायोजक बदलले, पूर्वी नावेत एक जिवंत मार्गदर्शक उभा राहून बोले त्याऐवजी ध्वनिमुद्रण आले. तरी तिच्यावर कोणी कुऱ्हाड घातली नाही. का? कारण तिचा उत्तरार्ध देखावा नसून खरा आहे. नाव काचघरांमधून जाते आणि तेथे मातीवाचून, पोषक पाण्यावर, खरोखरीच भाजीपाला पिकत असतो, मासे वाढत असतात. तो माल उद्यानातल्याच खाणावळींत वापरतात. येथल्या एका टोमॅटोच्या झाडाने मे 2005 ते एप्रिल 2006 या एका वर्षात 32,194 टोमॅटो दिले आणि गिनीज बुकात नाव मिळविले. पीक दर हंगामाला नवे येते. त्याला जुने कोण म्हणणार? शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला मराठी माणूस या नावेत बसला, तर यातले किती आपल्याकडे परवडेल याचा हिशेब मनात केल्यावाचून उतरणार नाही.

आता राहिला मुख्य वादाचा विषय, ‘स्पेसशिप अर्थ’. एपकॉटच्या दाराशीच 180 फूट उंचीचा, हजारो त्रिकोणी तुकड्यांनी मढविलेला चंदेरी गोल आहे. तीच ही फेरी. नाव बकमिन्स्टर फुलर या विचारवंताने रूढ केलेल्या शब्दावरून घेतले. मूळ कथेला रे ब्रॅडबरी या लेखकाने हातभार लावला. गाडी गोलाच्या आत वळणावळणाने चढत जाते. गुहेत चित्रे काढणारी माणसे, पपायरसवर लिहिणारा मिसरी, अक्षरे घेऊन व्यापाराला निघालेले फिनिशियन, ग्रीक नाट्यगृह, रोमन रस्ते. मग आग, आणि धुराचा खराच वास. अलेक्झांड्रियाचे ग्रंथ गेले, पण प्रती अरब आणि यहुदी पंडितांपाशी उरल्या, असे निवेदन सांगते. पुढे नक्कल करता करता मेजावरच झोपी गेलेला एक ख्रिस्ती भिक्षू दिसतो. लहान मुले त्याला पाहून हटकून हसतात. मग गुटेनबर्गचा छापखाना, तारायंत्र, टेलिफोन, रेडिओ, चंद्रावरचे पाऊल दूरचित्रवाणीवर पाहणारे कुटुंब, आणि 1977 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये संगणक जुळविणारा तरुण. तेथे इतिहास थांबतो. माथ्यावर ताऱ्यांचे आकाश आणि त्यात तरंगणारी पृथ्वी दिसते, गाडी पाठमोरी होते आणि उतार लागतो. 2008 च्या फेररचनेत या उतारावर देखाव्यांऐवजी गाडीतच पडदे बसविले आणि त्यांवर बसणाऱ्याचा चेहरा लावलेले एक व्यंगचित्र दाखवू लागले. बेलपासून निघालेल्या एटी अँड टीचा आधार 2003 पर्यंत होता. पुढे सीमेन्स आली, तीही 2017 मध्ये गेली. 2019 साली कंपनीने मोठ्या बदलाची घोषणा केली, 2020 च्या मे महिन्यात काम सुरू व्हावयाचे होते, तोच महासाथ आली आणि ते बारगळले.

आमचे मत असे की हा गोल पोखरून त्यात रोलर कोस्टर बसविणे हा करंटेपणा होईल. पण आहे तसा जपून ठेवणे हाही आळसच. चढणीतल्या देखाव्यांना यांत्रिक दुरुस्तीखेरीज हात लावू नये, असे पुष्कळ चाहते म्हणतात. आम्ही तेवढेही मान्य करणार नाही. अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय एका आगीत भस्म झाले, ही समजूत आता इतिहासकार इतक्या सरळपणे मानीत नाहीत. ते शतकानुशतके झिजत गेले. आणि माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे याचा हा चाळीस हजार वर्षांचा प्रवास मिसर, ग्रीस, रोम, जर्मनी करीत अमेरिकेत जातो. त्यात भारताचा किंवा चीनचा स्वतंत्र देखावा नाही. कागद चीनचा, ठशांची छपाईही आधी तिकडचीच. त्या अरब पंडितांनी जे अंक पश्चिमेला नेले ते भारताचे. गुटेनबर्गच्या यंत्राने शंभर-सव्वाशे वर्षांत समुद्र ओलांडला आणि 1556 साली गोव्यात छापखाना सुरू झाला. 1616 साली तेथेच राशोळला फादर स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापले गेले. दळणवळणाची याहून नमुनेदार कथा कोणती? सांगणारा इंग्रज, भाषा मराठी, अक्षरे लॅटिन, यंत्र युरोपचे. एक देखावा यासाठी द्यावयास गाडी दोन मिनिटेही अधिक चालवावी लागणार नाही.

उताराचे काम तर अगदीच उघड आहे. 1977 नंतर इंटरनेट आले, खिशातला फोन आला, खोट्या बातमीचा पूर आला, माणसासारखे बोलणारी यंत्रे आली. भविष्याचे चित्र रंगविण्याच्या मोहात पुन्हा न पडता एवढेच घडलेले मांडले, तरी तो उतार भरून जाईल.

असे करणे व्यवहारात शक्य नाही, असे कंपनीने म्हणू नये, कारण शेजारीच तिने ते करून पाहिले आहे. वाहतुकीच्या इतिहासाची 1982 ची विनोदी फेरी 1996 मध्ये बंद करून 1999 साली तेथे ‘टेस्ट ट्रॅक’ आणला. नव्या मोटारीची चाचणी कशी घेतात ते दाखवून शेवटी ताशी सुमारे 105 किलोमीटर वेगाने गाडी पिटाळावयाची. 2012 मध्ये त्याचे रूप बदलले, आणि 22 जुलै 2025 रोजी तिसरे रूप खुले झाले. या तिसऱ्या वेळी कारागिरांनी आधार घेतला तो मोडून टाकलेल्या त्या 1982 च्या फेरीचा. वाहतुकीच्या इतिहासाचा धागा त्यांनी परत आत आणला. वेग तसाच ठेवला आहे, प्रायोजकही तीच जुनी जनरल मोटर्स आहे. मुलाची उंची मात्र अजून 40 इंच लागते, आणि आजोबा बहुधा बाहेरच बसलेले आहेत.